नैरोबीला जावं का, असं विचारलंस म्हणून

पुण्यात ई-गव्हर्नन्सचं काम करतेस, नैरोबीत डिजिटल ओळखपत्र आणि पेमेंटच्या प्रकल्पावर दोन वर्षांचं कंत्राट मिळतंय, मुलगी सहा वर्षांची, नवरा नोकरी सोडायला तयार. जावं का, आणि या कामाचा कुणाला खरंच उपयोग होतो का, असं विचारलंयस. तीन रात्री लिहून खोडलं. वयाने मोठा आहे म्हणून एकेरीत लिहितोय, चालवून घे.

परमिटचे प्रकार, फी, लसी हे सगळं सरकारी साइटवर आहे. मी एवढंच सांगेन की नवऱ्याला डिपेंडंट पास मिळेल आणि त्यावर नोकरी करता येत नाही. आम्हालाही हे आधीच माहीत होतं. बायको नाशिकला फिजिओथेरपिस्ट होती, सकाळी आठपासून पेशंट असायचे. इथे नैरोबीत चार वर्षं ती कागदोपत्री 'आश्रित'. मी दिवसभर 'सर्वसमावेशक' हा शब्द पन्नासदा टाइप करून घरी यायचो आणि ती पोळ्या लाटता लाटता विचारायची, "झाले का सगळे समाविष्ट?"

आता कामाचं. तुला बोलावतायत ते आधारमुळे. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबारमधल्या टेंभलीत दिलं गेलं. पुढच्या वर्षी मी त्याच जिल्ह्यात नोंदणीच्या कामावर होतो. शेतात राबलेल्या म्हाताऱ्यांचे ठसे मशीन घ्यायचं नाही. आम्ही बोटं ओल्या फडक्याने पुसायचो, पुन्हा दाबायचो, आणि नाहीच जमलं तर सांगायचो, उद्या या. हे मी बायोडेटात 'क्षेत्रीय अनुभव' म्हणून लिहिलं आणि त्यावर इथली नोकरी मिळाली. 'उद्या या'ला स्वाहिलीत 'न्जो केशो' म्हणतात. इथल्या ऑफिसांत ऐकशीलच.

इथे येशील तेव्हा 'आम्ही भारतात करून दाखवलं' हे वाक्य पहिले सहा महिने तोंडातून काढू नकोस. मी काढलं होतं. केनियात एम-पेसा, म्हणजे फोनवरून पैशांची देवघेव, मार्च २००७ मध्ये सुरू झालं. तेव्हा आपल्याकडे यूपीआयचं नावही नव्हतं. मूळ प्रयोग बचतगटांसारख्या छोट्या कर्जांचे हप्ते फोनवरून भरण्याचा होता, ब्रिटिश मदतनिधीचा त्यात वाटा होता. लोकांनी हप्ते ठेवले बाजूला आणि गावी पैसे पाठवायला सुरुवात केली. मध्यवर्ती बँकेने कायदा नसताना 'आमची हरकत नाही' असं पत्र देऊन ते चालू दिलं आणि लक्ष ठेवलं. पेमेंटचा रीतसर कायदा आला २०११ मध्ये. आणि हे सगळं ज्याच्यामुळे चाललं तो म्हणजे कोपऱ्यावरच्या टपरीतला एजंट, जो रोकड घेतो आणि देतो. धोरणाच्या कागदांत तो क्वचितच सापडतो. आमच्या गल्लीतली 'मामा म्बोगा', म्हणजे भाजीवाली, माझी सुट्ट्या पैशांची उधारी वहीत लिहून ठेवते, तीही नसते.

उलट उदाहरण हुडुमा नंबाचं, म्हणजे केनिया सरकारच्या ओळख क्रमांकाचं. २०१९ मध्ये देशभर नोंदणी घेतली, एकच नंबर सगळ्यासाठी. मूळ कायद्यात डीएनए आणि घराचं जीपीएस ठिकाणही मागितलं होतं. नुबियन समाजाच्या संघटनेसह काही जण कोर्टात गेले. इंग्रजांच्या सैन्यात आणलेल्या सुदानी शिपायांचे हे वंशज, पिढ्यान्‌पिढ्या नैरोबीतल्या किबेरात राहतात, तरी ओळखपत्रासाठी यांच्या पोरांना वेगळ्या तपासणी समितीपुढे बसावं लागायचं. ज्याला आजचं कार्ड मिळत नाही त्याला उद्याच्या नंबरात कोण घेणार, हा त्यांचा साधा प्रश्न होता. आपल्या आधारच्या खटल्याचा कीस त्या कोर्टात निघाला. जानेवारी २०२०च्या निकालात डीएनए आणि जीपीएस बाद झालं. ऑक्टोबर २०२१ मध्ये कार्डवाटपही बेकायदा ठरलं, कारण माहितीच्या धोक्याचं मूल्यमापन आधी केलं नव्हतं. ते सक्तीचं करणारा कायदा केनियाने २०१९ मध्येच केला होता. आपला २०२३चा. सल्ला द्यायला कोण कुणाकडे आलंय, असं मला त्या आठवड्यात वाटलं.

ईशान्येकडे गारिसात आणखी विचित्र प्रकार. दुष्काळात तिथल्या सोमाली वंशाच्या केनियन कुटुंबांनी रेशनसाठी निर्वासितांच्या छावणीत नाव घातलं, पोरांचे ठसे दिले. पोरं अठरा वर्षांची झाली, ओळखपत्र मागायला गेली, तर संगणक म्हणतो तुम्ही निर्वासित. मशीन अचूक चाललं होतं. हीच गोष्ट मला झोपू देत नाही. अशा लोकांबद्दल मी एका अहवालात एक ओळ लिहिली होती: 'अपवादात्मक प्रकरणांसाठी तक्रार निवारण यंत्रणा असावी.' कुठल्या गावात, कुणाच्या टेबलावर, किती दिवसांत, काही नाही. नैवाशाच्या हॉटेलात कार्यशाळा होती, जेवणाची वेळ झाली होती. नोंदणी किती झाली याचा तक्ता दर महिन्याला जायचा. किती जण दारातून परत गेले, हा रकाना मी कधी मागितला नाही.

शाळेचं विचारलंयस. महाग आहेत, पण वाईट नाहीत. मात्र आमच्या मुलाच्या शाळेने प्रवेशाच्या पोर्टलवर पासपोर्टमधली फक्त 'दिलेलं नाव' ही ओळ वाचली. त्याचं नाव, मग माझं नाव. माझं नाव झालं त्याचं आडनाव आणि खरं आडनाव गळालं. चार वेळा पत्र दिलं. सिस्टीम बदलू देत नाही, असं उत्तर आलं. गोड बोलून. बायको त्याला घेऊन पुण्याला परतली तेव्हा तिथली शाळा म्हणाली, दाखल्यावरचा मुलगा हाच कशावरून? प्रतिज्ञापत्र, नोटरी, शिक्षण विभागात खेटे. पाचवीतलं पोर सात आठवडे घरी. मी इथे बसून फोनवर विचारत होतो, तिथे तक्रार निवारणाची काही सोय नाही का. पलीकडून ती फक्त हसली. मुलगा अजूनही वहीवर आडनावाशिवाय नाव लिहितो. सवयीने की मुद्दाम, मी विचारलेलं नाही.

एकटेपणा असतो. नैरोबीतल्या पार्कलँड्सला कोथिंबीर, हिंग, सगळं मिळतं, गणपतीला माणसं भेटतात. पुढचं विचार.

पुढचं म्हणजे पैसा कुणाचा आहे ते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, १ जुलैला यूएसएड या त्यांच्या मदतसंस्थेचं कामच थांबलं. माझ्या ओळखीतली कितीतरी माणसं एका ईमेलवर घरी बसली, त्यांतली बहुतेक इथलीच, ज्यांना परतायला दुसरा देश नव्हता. कंत्राटावर सही करण्याआधी निधी कुणाचा, कधीपर्यंतचा आणि प्रकल्प बंद पडला तर नोंदलेल्या लोकांची माहिती कुणाकडे राहणार, हे लेखी विचार. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आलं नाही तर जाऊ नकोस. आलं तर ये. दारातून परत जाणाऱ्यांना मोजणारं कुणीतरी हवंय आणि माझं कंत्राट मार्चमध्ये संपतंय.

आणि मुलीचा पासपोर्ट काढलाय का? असेल तर आडनाव वरच्या ओळीत आहे ना, ते आजच बघ.