विमानातून मोजलेल्या हत्तींचा आकडा कितपत खरा असतो? आणि आता ड्रोन असताना विमान कशाला?

आफ्रिकेच्या सव्हानातले, म्हणजे तुरळक झाडांच्या गवताळ प्रदेशातले, सगळे हत्ती सहसा कोणी मोजत नाही. ठरावीक अंतरावर सरळ रेषांत विमान नेतात, प्रत्येक बाजूचा साधारण 150 ते 200 मीटरचा पट्टा मोजतात आणि त्यावरून सगळ्या प्रदेशाचा अंदाज काढतात. लहान उद्यानात पूर्ण मोजणी होते, पण 2016 साली जाहीर झालेला ग्रेट एलिफंट सेन्सस या आफ्रिकेतल्या हत्तीगणनेचा 18 देशांतला 3,52,271 हा आकडा बहुतांशी असाच निघालेला आहे. त्यामुळे खरी मेख आहे ती पट्ट्याच्या रुंदीत.

विमान बहुधा सेसना 182 किंवा 206. त्याचे पंख वर असतात, खालचं काही अडत नाही, आणि पंखाला टेकू देणाऱ्या तिरप्या दांड्यावर दोन काठ्या बांधता येतात. मागे बसलेल्याने त्या दोन काठ्यांच्या मधे दिसेल तेवढंच मोजायचं. मान जरा वाकली तरी पट्टा सरकतो, म्हणून खिडकीच्या काचेवर चिकटपट्टीच्या खुणा करतात. खूण आणि काठी एका रेषेत दिसली की डोळा जागेवर आहे असं समजायचं. कामाला सुरुवात करण्याआधी धावपट्टीवर मोजून खुणा मांडतात आणि त्यावरून वेगवेगळ्या उंचीवर उडून प्रत्येकाचा पट्टा तपासतात, कारण उंच माणसाचा पट्टा आणि बुटक्याचा पट्टा एक नसतो.

उंची 300 फूट, म्हणजे 91 मीटर. तिथे 150 मीटरचा पट्टा असेल तर 100 मीटरवर तो 165 होतो. वैमानिक नकळत वर गेला आणि हिशेब 150 नेच केला, तर हत्ती दहा टक्के 'वाढले'! हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक इथे कामाचा नाही, खालची जमीन चढते-उतरते ते त्याला कळत नाही. लेझर किंवा रडारचाच हवा.

उलट दिशेची चूक नजरेची. मोठा कळप माणूस जवळपास नेहमीच कमी मोजतो, पिल्लं आयांच्या पोटाखाली लपतात. म्हणून साधारण दहाच्या वर हत्ती दिसले की फोटो काढायचा आणि नंतर पडद्यावर एकेक मोजायचा. ताशी 180 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 50 मीटर. शटर 1/500 ठेवलं तर तेवढ्यात विमान 10 सेंटिमीटर पुढे जातं, 1/2000 ला अडीच. कोपर खिडकीच्या चौकटीला टेकवू नका, इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात उतरते.

मेलेले हत्तीही मोजतात, आणि माझ्या मते तोच जास्त बोलका आकडा. ताज्या मृतदेहावर गिधाडं असतात, काही दिवसांनी भोवती काळपट डाग उरतो, मग पांढरी हाडं. सुळ्यांसाठी तोंड कापलेलं असेल तर तेही वरून ओळखू येतं. जिवंत आणि मेलेले मिळून शंभरात मेलेले आठाच्या वर गेले, तर संख्या घटत असावी असं धरतात. ग्रेट एलिफंट सेन्ससमध्ये हे प्रमाण 12 च्या आसपास आलं होतं.

उड्डाणं सकाळी, कोरड्या हंगामात. झाडांची पानं गळलेली असतात आणि ऊन तापून गिधाडं वर चढायच्या आत बरंच काम उरकतं. हा धोका कागदी नाही: विमानातून टांझानियाच्या सेरेंगेटीतले प्राणी मोजणारा मिखाएल ग्रझिमेक 1959 च्या जानेवारीत गिधाडाला विमान धडकूनच गेला.

आता ड्रोन. साध्या चार पंख्यांच्या ड्रोनची बॅटरी अर्ध्या तासाच्या आसपास चालते, हजारो चौरस किलोमीटरला ती काय पुरणार? त्यात त्याचा आवाज मधमाशांच्या घोंघावण्यासारखा, आणि हत्ती मधमाशांना घाबरतात. कळप पळाला की एक तर मोजायचा राहतो, नाहीतर पुढच्या पट्ट्यात दुसऱ्यांदा मोजला जातो. केनिया-टांझानियात शेतात शिरलेल्या हत्तींना हुसकायला मात्र हेच ड्रोन वापरतात. तुम्ही केनियातल्या मसाई माराच्या सहलीला ड्रोन न्यायचा विचार करत असाल तर आधी परवानगीचं बघा, विनापरवाना ड्रोन तिथे जप्त होऊ शकतो.