वाचकांचे प्रश्न : नर्सचा शब्द ठरावापर्यंत कसा पोहोचतो?

गेल्या अंकात जागतिक आरोग्य वाटाघाटींवर माहिती दिल्यानंतर नर्सिंग क्षेत्रातून बरेच प्रश्न आले. त्यांतले पाच इथे घेतले आहेत.

प्रश्न : मुत्सद्देगिरी हे परराष्ट्र खात्याचं काम. त्यात नर्सची गरज नेमकी कुठे पडते? (नर्सिंगची विद्यार्थिनी)

करारातली अट प्रत्यक्षात पाळता येईल का, हे सांगायची वेळ येते तिथे. 1985 मध्ये एल साल्वादोरच्या यादवी युद्धात मुलांच्या लसीकरणासाठी लढाई थांबवण्यात आली, तीही तीन वेगवेगळ्या दिवशी. कारण डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) लसीच्या किंवा पोलिओच्या दोन मात्रांमध्ये किमान चार आठवड्यांचं अंतर लागतं, त्यामुळे एका दिवसाच्या शांततेने काम पुरं होत नाही. 2024 मध्ये गाझातल्या पोलिओ मोहिमेतही सप्टेंबरची पहिली फेरी एकेका भागात लढाई थांबवून घ्यावी लागली आणि ऑक्टोबरच्या मध्याला दुसऱ्या फेरीसाठी पुन्हा बोलणी करावी लागली. किती तास हवेत, शीतपेटी 2 ते 8 अंशांत किती वेळ टिकेल, एक पथक दिवसाला किती मुलांपर्यंत पोहोचेल, हे आकडे लस देणाऱ्याकडेच असतात. टेबलावर ते नसतील, तर कागदावर युद्धविराम होतो आणि लस डब्यातच राहते.

प्रश्न : आमच्या राष्ट्रीय नर्स संघटनेला जागतिक आरोग्य सभेच्या एका ठरावात सुरक्षित मनुष्यबळाचं, म्हणजे रुग्णांच्या मानाने पुरेशा नर्सेस असण्याचं, कलम घालायचं आहे. मे महिन्यात जिनिव्हाला जाऊन भाषण करायचा विचार आहे. योग्य मार्ग कोणता? (संघटनेच्या पदाधिकारी)

मे महिना म्हणजे फार उशीर. आमच्या मते नर्स संघटनांची शक्ती सर्वात जास्त वाया जाते ती इथेच.

ही सभा म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांची वार्षिक बैठक. ती मे महिन्यात भरते, पण बहुतेक विषय त्याआधी जानेवारीत संघटनेच्या कार्यकारी मंडळासमोर येऊन गेलेले असतात. मंडळात 34 सदस्य असतात. जानेवारी ते मे या काळात ठरावाचा मसुदा जिनिव्हात देशांच्या प्रतिनिधींच्या अनौपचारिक बैठकांत घासला जातो. तिथे प्रत्येक देशाच्या कायम प्रतिनिधी कार्यालयातला आरोग्य अधिकारी बसतो. ज्या शब्दांवर एकमत नाही ते चौकटी कंसात राहतात आणि कंस एकेक करून सुटत जातात. मसुदा मे महिन्यात समितीपुढे येतो तेव्हा फारच थोडे कंस उरलेले असतात. शासनाबाहेरच्या संघटनांना या मसुदा बैठकांत सहसा प्रवेश नसतो.

संघटनांना भाषणाची मुभा आहे, पण ती जागतिक आरोग्य संघटनेशी 'अधिकृत संबंध' असलेल्यांनाच. शासनाबाहेरच्या संस्थांशी संबंध कसे ठेवायचे याच्या 2016 मध्ये मंजूर झालेल्या नियम-चौकटीनुसार हा दर्जा मिळतो. नर्सिंगमध्ये तो आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेकडे आहे. ही संस्था 1899 पासूनची असून 130 हून अधिक राष्ट्रीय संघटना तिच्या सदस्य आहेत. तुमचं निवेदन तिच्यामार्फतच जाईल, आधी नोंदवावं लागेल, कार्यसूचीवरच्या ठरावीक विषयावरच असेल आणि मिनिट-दोन मिनिटांत संपवावं लागेल. ते जरूर करा, नोंद राहते. पण त्याने मसुदा बदलत नाही.

म्हणून काम असं लावा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आरोग्य मंत्रालयाच्या आंतरराष्ट्रीय विभागाला भेटा आणि पुढच्या कार्यकारी मंडळाच्या तात्पुरत्या कार्यसूचीत तुमचा विषय कोणत्या कलमाखाली बसतो ते विचारा. शासनाच्या मुख्य परिचर्या अधिकाऱ्यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या परिचर्या अहवालानुसार 82 टक्के देशांत अशा स्वरूपाचं पद आहे. पद असलं तरी त्या व्यक्तीचं नाव शिष्टमंडळात असेलच असं नाही, आणि तेच मागायचं असतं. 'आमचं म्हणणं मांडा' ही मागणी मोघम आहे, तिला मंत्रालय होकार देऊन विसरू शकतं. 'मुख्य परिचर्या अधिकाऱ्यांचं नाव शिष्टमंडळाच्या यादीत घाला' या मागणीला हो किंवा नाही असंच उत्तर द्यावं लागतं.

मग कागद. एकच पान, दोन मागण्या, फार तर तीन. भाषणाची भाषा टाळा आणि थेट बदललेलं वाक्य द्या : मूळ ओळ, खोडलेले शब्द, नवे शब्द. ठरावाचे दोन भाग असतात, प्रास्ताविक परिच्छेद आणि कृतीचे परिच्छेद. प्रस्तावनेत नर्सेसचं कौतुक मिळवणं सोपं असतं, त्यावर समाधान मानू नका. तुमचं कलम कृतीच्या भागात हवं. तिथेही ते सदस्य देशांना आग्रह करणाऱ्या ओळीत आहे की महासंचालकांना विनंती करणाऱ्या ओळीत, ते बघा. पहिल्यात खर्च देशाचा, दुसऱ्यात जागतिक आरोग्य संघटनेचा.

तीन ठिकाणी घात होतो. 'नर्स आणि प्रसविका' हे शब्द जाऊन नुसतं 'आरोग्य कर्मचारी' उरतं आणि पुढे निधी वाटताना नर्सिंगचा वेगळा हिशेब मागायला आधार राहत नाही. 'राष्ट्रीय परिस्थितीनुसार' हे शब्द जोडले जातात. ते एकदा आले तर चालतील, पण प्रत्येक कलमात आले तर बंधन संपलं. तिसरं सर्वात महत्त्वाचं : अहवाल कोणत्या साली सभेपुढे यायचा ते लिहिलेलंच नसतं. वर्ष नसलेला ठराव कार्यसूचीवर परत येत नाही. एकच मागणी पदरात पडणार असेल, तर आम्ही हीच निवडू.

प्रश्न : दोन देशांमध्ये नर्स पाठवण्याचा करार होत असेल तर मसुद्यात काय तपासावं? (परिचर्या परिषदेत काम करणाऱ्या वाचक)

आधी चित्र समजून घेऊ. 2025 च्या त्याच अहवालात 2023 सालासाठी जगात 2 कोटी 98 लाख नर्सेस आणि 58 लाखांची तूट नोंदली आहे. सातातली एक नर्स परदेशात जन्मलेली आहे, श्रीमंत देशांत हे प्रमाण 23 टक्के. म्हणजे ज्या देशाने शिकवण्याचा खर्च केला आणि ज्याला सेवा मिळाली, ते देश अनेकदा वेगळे. करार याच हिशेबाचा असतो.

जर्मनी आणि फिलिपिन्स यांच्यात 2013 मध्ये असा करार झाला, ब्रिटनने 2021 मध्ये केनियाशी आणि 2022 मध्ये नेपाळशी केला. कोणताही मसुदा हातात आला की आम्ही आधी पैशांची कलमं वाचतो. भरती शुल्क, भाषेची परीक्षा, नोंदणी, विमानभाडं : यांतलं काय मालक भरणार, हे नावानिशी लिहिलेलं हवं. 'योग्य तो खर्च' असं लिहिलं असेल तर तो शेवटी नर्सच्या पगारातून कापला जातो. दोन-तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास पैसे परत करण्याची अट असेल, तर रकमेला कमाल मर्यादा हवी आणि ती दर महिन्याला कमी होत गेली पाहिजे. नाहीतर छळ सोसूनही माणूस तिथेच अडकतो.

मग नोंदणी. परदेशी नोंदणी मिळेपर्यंत नर्सला सहायकाच्या पदावर ठेवतात. त्या काळाला मर्यादा किती, पगार कोणता आणि परीक्षेत एकदा नापास झाल्यास पुढे काय, हे बहुतेक मसुद्यांत सुटलेलं असतं. ते लिहून घ्यायचं काम परिचर्या परिषदेचं आहे, कामगार खात्याला हा बारकावा दिसत नाही.

पाठवणाऱ्या देशाला काय मिळणार, ते आकड्यात हवं : किती शिक्षकांचं प्रशिक्षण, कौशल्य प्रयोगशाळेची कोणती साधनं, किती वर्षं. कोणत्या विभागातून किती जणी जाऊ शकतात, यावरही मर्यादा घाला. देशाचा एकूण आकडा बरा दिसत असताना अतिदक्षता विभाग आणि शस्त्रक्रियागृह रिकामे होतात, कारण मागणी अनुभवी हातांनाच असते. शेवटी संयुक्त समिती : ती वर्षातून किती वेळा बसणार आणि तिच्यात नर्स संघटनेला जागा आहे का, ते बघा.

प्रश्न : माझा देश जागतिक आरोग्य संघटनेच्या 'संरक्षण यादी'त आहे. मग मला परदेशी नोकरी करता येणार नाही का? (स्टाफ नर्स)

येईल. 2010 च्या आंतरराष्ट्रीय भरतीविषयक आचारसंहितेत स्थलांतराचा व्यक्तिगत हक्क मान्य केलेला आहे. 2023 च्या यादीत 55 देश आहेत. दर 10,000 लोकांमागे डॉक्टर, नर्स आणि प्रसविका मिळून 49 पेक्षा कमी आणि सेवा-व्याप्तीचा (आरोग्यसेवा किती लोकांपर्यंत पोहोचतात याचा) निर्देशांक 55 पेक्षा कमी, हे तिचे निकष. अशा देशांत जाऊन सक्रिय भरती करू नये, असं परदेशी मालकांना सांगितलेलं आहे. तुम्ही स्वतः अर्ज करण्यावर बंदी नाही. मात्र यादीतल्या देशात भरती मेळावे घेणाऱ्या एजंटाला 'हा कोणत्या सरकारी कराराखाली आहे?' हे जरूर विचारा. संहिता ऐच्छिक आहे, पण तिचा आढावा दर तीन वर्षांनी होतो आणि त्यात संघटनांनाही स्वतंत्रपणे माहिती देता येते. ही सोय फार थोड्या संघटना वापरतात.

प्रश्न : संघर्षग्रस्त भागात जाणार आहे. जखमींची नावं एखाद्या पक्षाने मागितली तर? (मदतकार्यात जाणारे परिचारक)

जिनिव्हा करारांचे 1977 चे जादा प्रोटोकॉल तुमच्या बाजूने आहेत. वैद्यकीय नीतीला धरून केलेल्या सेवेसाठी, रुग्ण कोणीही असो, शिक्षा करता येत नाही. दोन देशांमधल्या युद्धात जखमींची माहिती विरोधी पक्षाला द्यायची सक्ती करता येत नाही. सक्तीने कळवायचे संसर्गजन्य रोग हा त्याला अपवाद. देशांतर्गत संघर्षात मात्र गोपनीयतेचं हे संरक्षण त्या देशाच्या कायद्याच्या अधीन राहतं, म्हणून निघण्यापूर्वी संस्थेच्या कायदा विभागाकडून तिथली स्थिती लेखी घ्या.

नोंदवहीत रुग्णाचं नाव आणि क्रमांक वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, वॉर्डात फक्त क्रमांक. नागरी रुग्णालयात नियमित काम करत असाल तर चौथ्या जिनिव्हा कराराच्या 20 व्या कलमात सांगितलेलं फोटोचं शिक्क्यासह ओळखपत्र आणि डाव्या दंडावरची शिक्का मारलेली, पाण्याने खराब न होणारी पट्टी मागून घ्या. रेड क्रॉस किंवा रेड क्रेसेंट चिन्हाची ही पट्टी बाजारातून विकत घेऊ नका. सक्षम अधिकाऱ्याच्या शिक्क्याशिवाय तिला अर्थ नाही, आणि चिन्हाचा असा वापर गैरवापरात मोडू शकतो.