सर्दी कितव्यांदा झाली यापेक्षा श्वास मोजा

मूल १४ महिन्यांचं, पाळणाघरात जायला लागल्यापासून तिसरी सर्दी, आता शेंबूड हिरवा. घरात उरलेलं अँटिबायोटिक देऊ का, असं तुम्ही विचारलंय. देऊ नका. या वयात वर्षाला ६ ते ८ वेळा सर्दी होतेच, पाळणाघरात त्याहून जास्त. बहुतेक विषाणूंची असते, त्यांच्यावर हे औषध चालत नाही. हिरवा रंग रक्तातल्या पांढऱ्या पेशींमुळे येतो. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, खोकला मात्र तीन आठवडेही रेंगाळतो.

नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत खिडक्या लावून सगळे एकाच खोलीत असतात, विषाणूला तेवढं पुरतं. त्यात आंघोळीनंतर ओव्याची धुरी! कळकळीने सांगतो, ती बंद करा. धुराने आधीच सुजलेली नाजूक श्वासनलिका आणखी सुजते. नाकात तेलही नको. ते फुफ्फुसात उतरलं तर त्याचाच न्यूमोनिया होतो.

घरघर ऐकून आजी ‘छाती भरली’ म्हणतात. पुष्कळदा ती नाकामागच्या शेंबडाची असते. दूध पाजण्याआधी सलाइनचे दोन-दोन थेंब घालून नाक साफ केलं की कमी होते. श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येणं वेगळं. दोन वर्षांखाली तो बहुधा ब्राँकिओलायटिसचा, म्हणजे फुफ्फुसातल्या बारीक श्वासनलिका सुजल्याचा, आणि त्यामागे बऱ्याचदा आरएसव्ही हा विषाणू. सर्दीच्या तिसऱ्या ते पाचव्या दिवशी त्रास सर्वांत वाढतो, म्हणून ‘कालपर्यंत बरा होता’ यावर विसंबू नका. कुत्रा भुंकल्यासारखा खोकला असेल तर सूज स्वरयंत्राजवळ आहे. मुलाला रडू देऊ नका, कडेवर शांत ठेवून डॉक्टरांकडे न्या.

श्वास असा मोजा: मूल झोपलेलं किंवा शांत असताना अंगातला कपडा वर करा आणि पोटाकडे बघत पूर्ण १ मिनिट मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण लहान मुलांचा श्वास एका लयीत नसतो. तापातही आकडा वाढतो, ताप उतरल्यावर पुन्हा मोजा. २ महिन्यांखाली ६०, २ ते १२ महिन्यांपर्यंत ५०, १ ते ५ वर्षांत ४०. तेवढा किंवा जास्त आला तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर असतील, मूल कण्हत असेल, दूध-पाणी घेत नसेल किंवा उठवूनही सुस्त पडत असेल, तर मोजत बसू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट बालरोग विभाग असलेल्या रुग्णालयात न्या.

आणि लसीकरण कार्डावर पीसीव्ही, म्हणजे न्यूमोकॉकस जिवाणूच्या न्यूमोनियापासून वाचवणाऱ्या लसीचा ९ महिन्यांचा बूस्टर पडलाय का, ते आजच बघा. राहिला असेल तर महापालिकेच्या आरोग्य केंद्रात विचारा. सरकारी लसीकरणात ही लस मोफत आहे.