खडकावरून गळ टाकायला निघालात? आधी हे वाचा

छान छंद निवडलात. रॉड कोणता, आमिष कोणतं, हे सगळं नंतर बघू. आधी समुद्र बघायला शिका.

जागेवर पोचलात की लगेच गळ टाकू नका. वर सुरक्षित उभं राहून निदान अर्धा तास लाटा बघा. लाटा गटागटाने येतात. दहा-पंधरा मिनिटं सगळं शांत वाटतं आणि मग एकदम तीन-चार मोठ्या येतात. खडक कुठवर ओला आहे ते नीट पाहा. ऊन असूनही ओला दिसतोय म्हणजे तिथवर पाणी येतंय. तिथे उभं राहायचं नाही. काळपट, बुळबुळीत शेवाळावर तर पाऊलच नको.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:

- आमिष लावताना समुद्राकडे पाठ करतात.
- अडकलेला गळ सोडवायला खाली उतरतात. दोरी कापा, गळ जाऊ द्या.
- भरतीची वेळ न बघता जातात. परतीची वाट पाण्याखाली जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा तर जाऊच नका.
- गमबूट घालतात. पाण्यात पडलात तर ते भरतात. पकड असलेले बूट घ्या.

लाइफ जॅकेट अंगात हवंच, पिशवीत नको. एकटे जाऊ नका. सोबती पडला तर मागोमाग उडी मारू नका; तरंगणारं काही फेका आणि मदत बोलवा. स्वतः पडलात तर खडकाला धरायची धडपड नको, लाट आपटते. खडकापासून लांब पोहत जा, तरंगत राहा.