'यास्मिन' : अर्थाची काळजी सोडा, पहिल्या अक्षराची करा

मुलीचं नाव यास्मिन ठेवायचंय, पण अर्थ आणि स्पेलिंग ठरत नाहीये, ही तुमची पोस्ट वाचली आणि बारा वर्षांपूर्वीची मीच समोर आले. नावांच्या एका यादीत यास्मिन म्हणजे 'देवाची देणगी', दुसरीत 'चमेलीचं फूल', आणि स्पेलिंग वायने (Y) की जेने (J) यावर घरात दोन तट. आमच्याकडे डिट्टो हेच.

अर्थाचं आधी उरकते. 'देवाची देणगी' विसरा. शब्द फारसीतला, यासमन किंवा यासमीन, आणि तिथे ते सरळ फुलाचं नाव आहे. अरबीने तो फारसीकडून उसना घेतला, त्यामुळे अरबी शब्दमूळांतून त्याचा अर्थ काढायला जाणं व्यर्थ. जुन्या अरबी कवितेत हा खेळ झालाय म्हणा, पण फोड काय निघाली? 'यअस' म्हणजे निराशा आणि 'मैन' म्हणजे खोटं! नावं फोडून गोड अर्थ काढणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

आता आमची चूक. मी एका यादीतून जेने सुरू होणारं, शेवटी ई (E) नसलेलं स्पेलिंग (Jasmin) उचललं, कारण शेजारी उच्चार 'यास्मिन' दिला होता. तो उच्चार जर्मन आहे, हे माझ्या लक्षातच आलं नाही. जर्मनमध्ये जे म्हणजे 'य'. इंग्रजी वाचणारा तेच 'जॅस्मिन' वाचतो, फ्रेंच माणूस 'झास्मँ'च्या जवळपास जातो आणि स्पॅनिशमध्ये त्याच जेचा 'ह' होतो. एकच अक्षर, चार मुली. तुर्कीत मात्र वायने लिहितात, यासेमिन, आणि तिथे घोटाळा नाही.

जन्मनोंदणीत नाव J ने गेलं. पुढच्या कागदावर नवऱ्याने उच्चाराप्रमाणे वाय लिहिला. तिसऱ्या ठिकाणी (नाव घेत नाही) खिडकीतल्या बाईंनी आम्हाला न विचारता शेवटी ई जोडला, 'बरोबर स्पेलिंग हेच असतं' म्हणून. दुरुस्तीला गेलो तर त्याच कार्यालयात एका खिडकीवर ऐकलं, "फूल तेच, नाव तेच, दुरुस्ती कशाला?" आणि दुसऱ्या खिडकीवर, "या दोन वेगळ्या व्यक्ती दिसतात." दोन खिडक्यांमध्ये सहा पावलांचं अंतर! अकरा महिने गेले. अर्ज दोनदा गहाळ झाला, आणि दुसऱ्यांदा माझ्यावरच आवाज चढवला. असो, पुन्हा चिडायला नको.

माझं मत विचाराल तर 'यास्मिन' हाक मारणार असाल तर वायनेच लिहा, पहिल्या कागदापासून, आणि एक अक्षरही बदलू देऊ नका. दिसायला J छान वाटतो, मान्य. मी भाषातज्ज्ञ नाही, वकीलही नाही. तुमच्याकडचे नियम वेगळे असतील, ते तिथेच विचारा.

'दुसऱ्या भाषेतलं तेच नाव' शोधताय, म्हणून आणखी एक. जेल्सोमिना हे इटालियन रूप खरंच याच कुळातलं. पण इंडोनेशियातलं मेलाती आपल्या 'मालती'वरून आलंय आणि चिनी मोली 'मल्लिका'वरून. जपानीत मोलीचीच अक्षरं 'मारी' अशी वाचून मुलीचं नाव ठेवतात. फुलं एकाच कुटुंबातली, शब्द मात्र संस्कृतातून निघालेले, त्यांचा यास्मिनशी धागा नाही. याद्यांत सगळे एका टोपलीत टाकलेले असतात. मला स्वतःला आज निवडायचं असतं तर मेलाती आवडलं असतं, पण मुलगी ऐकून घेत नाही.

वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली या फुलझाडांच्या वंशाचं (जीनसचं) शास्त्रीय नाव जॅस्मिनम नोंदवलं, त्यात जाई, जुई, मोगरा सगळे बसतात. मोगऱ्याच्या शास्त्रीय नावातलं 'सँबॅक' अरबी 'झंबक'वरून आलं. जुन्या अरबीत त्याचा अर्थ मोगऱ्याचं तेल असा होता, आजच्या अरबीत झंबक म्हणजे लिली! म्हणून 'अर्थ' बघताना कुठल्या काळातला तेही बघा. आणि निमंत्रणपत्रिकेवर फुलाचं चित्र छापणार असाल तर रातराणीचं घेऊ नका. इंग्रजीत तिलाही जॅस्मिन म्हणतात, पण ती वांग्या-बटाट्याच्या कुळातली. आम्ही तेच छापलं होतं, खाली 'देवाची देणगी' लिहून.