नाताळच्या खरेदीचा दिवस आणि मोठी झालेली मुलं

नमस्कार ताई,

आम्ही लंडनजवळ हॅरोला राहतो. २०११ साली मुलगी ३ वर्षांची होती, तेव्हा डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही तिला पहिल्यांदा नाताळची खरेदी दाखवायला नेलं. पुढच्या वर्षी मुलगा झाला, तो बाबागाडीत बसून आला. २०२० सोडलं तर तेव्हापासून हा शनिवार कधी चुकला नाही. मेट्रोपॉलिटन लाइनने निघायचं, हॅम्लेज या खेळण्यांच्या दुकानाचे सगळे मजले फिरायचे, पिझ्झा खायचा, साताऱ्याला सासूबाईंना पाठवायला शॉर्टब्रेड बिस्किटांचा पत्र्याचा डबा घ्यायचा, रीजंट स्ट्रीटवरचे दिव्यांचे देवदूत बघायचे आणि ट्रफाल्गर स्क्वेअरमधल्या झाडाखाली फोटो काढून परत यायचं.

आता मुलगी १७ वर्षांची आहे. दर शनिवारी एका दुकानात काम करते, डिसेंबरात तिला सुट्टी नाही. मुलगा १३ चा, त्याला मित्रांबरोबर जायचंय. गेल्या वर्षी दोघं आली, पण दिवसभर चेहरे पाडून. नवरा म्हणतो, सगळं ऑनलाइन मिळतं, शिवाय हा काही आपला सण नाही, कशाला ओढून न्यायचं त्यांना? मला मात्र वाईट वाटतं. मी उगाच धरून बसले आहे का? सासूबाई २०२३ मध्ये गेल्या, त्यामुळे तसाही आता डबा घ्यायचा नसतो आणि आम्ही लवकरच घरी येतो.

हॅरोची एक आई

*

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मुलं मोठी झाली, शनिवार मिळत नाही, नवऱ्याला पटत नाही, हे सगळं तुम्ही सविस्तर लिहिलंत. डब्याचं मात्र जाता जाता. मला वाटतं, गाठ तिथेच आहे.

माझं लहानपण पुण्यातलं. दिवाळीच्या आधी वडिलांचा, आमच्या दादांचा, बोनस झाला की आम्ही सगळे लक्ष्मी रोडला जायचो. फ्रॉकचं कापड, भावाची चड्डी, तुळशीबागेतून आईच्या बांगड्या, आणि सगळ्यात शेवटी भाऊबीजेला आत्यासाठी पातळ. आमची खरेदी भराभर व्हायची. आत्याच्या पातळासाठी मात्र दादा तीन-तीन दुकानं चढायचे. मी अकरावीत गेले त्या वर्षी मला या सगळ्याचा कंटाळा आला होता, मैत्रिणींबरोबर जायचं होतं. दादांनी हट्ट केला नाही. दुकानाच्या पायरीवर त्यांनी माझ्या हातात पैसे दिले आणि म्हणाले, "यंदा आत्याचं पातळ तू निवड. मी खाली थांबतो." मी तासभर घालवला. किमती विचारल्या, पदर उलगडून बघितले, आत्याचा रंग डोळ्यांसमोर आणला. त्या दिवसानंतर मी मैत्रिणींबरोबरही गेले आणि दादांबरोबरही. मला कुणी कधी ओढून न्यावं लागलं नाही.

तुमच्या घरी साताऱ्याच्या आजीचा डबा म्हणजे ते पातळ होतं. लहान मुलाला हॅम्लेज पुरतं, कारण तिथे त्याला मिळणार असतं. १३ आणि १७ वर्षांच्या मुलांना मिळण्यात फारसा रस उरलेला नसतो. हवं ते त्यांनी फोनवर आधीच बघून ठेवलेलं असतं. आपण कुणासाठी तरी काहीतरी निवडतोय, एवढंच त्यांना घराबाहेर काढू शकतं. आजी गेल्या तेव्हा त्या दिवसाचं तेच काम गेलं, आणि त्याच सुमाराला मुलं मोठी झाली. तुम्हाला दोन्ही एकच वाटतंय. वेगवेगळं करून बघा.

म्हणून पहिली गोष्ट ही, की डबा परत घ्यायला लागा. कुणासाठी, हे मुलांना ठरवू दे. नणंद असेल, तुमचे आईवडील असतील, पार्सल घेऊन ठेवणाऱ्या शेजारच्या एकट्या आजीबाई असतील, मुलीला अभ्यासात मदत करणाऱ्या कुणी शिक्षिका असतील. डिसेंबरात भारतात जाणारं कुणी ना कुणी ओळखीचं असतंच, त्यांच्या बॅगेत एक डबा मावतो. नाव मुलांच्या तोंडून आलं पाहिजे. तुम्ही सुचवलंत तर ते परत तुमचं काम होईल.

दुसरी गोष्ट, तारीख. दुसरा शनिवार देवाने ठरवून दिलेला नाही. मुलीला रोटा, म्हणजे कामाच्या पाळ्यांचं वेळापत्रक, विचारा आणि ती सांगेल तो दिवस धरा. डिसेंबरात ऑक्सफर्ड स्ट्रीटची बरीच दुकानं आठवड्याच्या दिवशी रात्री उशिरापर्यंत उघडी असतात, शनिवारच्या गर्दीपेक्षा ते बरंच. रविवार धरलात तर लक्षात असू द्या, १९९४ च्या कायद्यामुळे इंग्लंडमध्ये मोठ्या दुकानांना रविवारी सहाच तास विक्री करता येते, म्हणजे सकाळचं निवांत फिरणं होत नाही. पूर्ण दिवस मिळाला नाही तर दुपार चालेल. १७ वर्षांच्या मुलीने कामावरून थकून येऊन तुम्हाला तीन तास दिले, तर ती तीन वर्षांची असताना दिलेल्या आख्ख्या दिवसापेक्षा ते मोठं देणं आहे. तेव्हा तिला तुम्ही उचलून नेत होतात.

मुलाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथे मी स्वतः चुकले आहे. माझा धाकटा १५ वर्षांचा असताना त्याला आमच्याबरोबर नाताळच्या खरेदीला यायचं नव्हतं. मी रडले, त्याचे बाबा रागावले, आणि तो आला. दिवसभर आमच्या मागे दहा पावलं चालला, जेवला नाही. घरी आल्यावर मला म्हणाला, "तुला मी नको होतो, तुला फोटो हवा होता." ते वाक्य अजून लागतं, कारण खरं होतं. पुढच्या वर्षी मी त्याच्या हातात ३० पाउंड दिले, घरातल्या तिघांसाठी काहीतरी आणायला सांगितलं, आणि पाच वाजता झाडाखाली भेटायचं ठरवलं. त्याने माझ्यासाठी हातमोजे आणले. मापाने मोठे होते, तरी दहा वर्षं वापरले.

तेरावं हे त्यासाठी चांगलं वय आहे. ११ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी झिप ऑयस्टर हे लंडनच्या प्रवासाचं सवलतीचं कार्ड असतं, म्हणजे एकट्याने ट्यूबने, भुयारी रेल्वेने, फिरायची सवय त्याला झालेली असेल. एखादा मित्र बरोबर यायचा असेल तर येऊ द्या. कार्नबी स्ट्रीट ते ऑक्सफर्ड सर्कस एवढा पट्टा ठरवून द्या आणि दोन तास सोडा. दोनच गोष्टी बजावून सांगा. रस्त्याच्या कडेला उभं राहून फोन हातात धरायचा नाही, त्या भागात सायकलवरून येऊन फोन हिसकावून नेतात. आणि चार वाजताच अंधार पडतो, म्हणून भेटायची जागा आणि वेळ आधी पक्की हवी. फोन बंद पडला तरी सापडलो पाहिजे. वस्तू घेताना किंमत नसलेली गिफ्ट रिसीट मागायला शिकवा, म्हणजे बाबांना स्वेटर बसला नाही तर कुणाचंच मन न मोडता बदलता येतो.

हॅम्लेज आता त्याला लहान मुलांचं वाटत असणार, सोडून द्या. त्याऐवजी लिबर्टी या जुन्या दुकानात घेऊन जा. ती १९२४ ची इमारत दोन जुन्या युद्धनौकांच्या लाकडातून बांधली आहे, आणि त्यातल्या एकीचं नाव हिंदुस्तान होतं. जिने चढताना हात कशावर ठेवलाय हे त्याला सांगा. त्या वयात खेळण्यांपेक्षा अशा गोष्टी धरून ठेवतात मुलं.

ट्रफाल्गर स्क्वेअरचं झाड मात्र ठेवा. ऑस्लो शहर १९४७ पासून दर वर्षी ते पाठवतं, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने नॉर्वेला जी साथ दिली त्याच्या आभारापोटी. ज्यांनी ती साथ दिली आणि ज्यांना मिळाली, त्यांच्यातली बहुतेक माणसं आता नाहीत. झाड तरी येतं. तुमच्या डब्याबद्दल मुलांशी बोलायला याहून चांगली जागा मला सुचत नाही.

आता नवऱ्याचा मुद्दा. "आपला सण नाही" याने तुम्ही दुखावल्या गेलात हे कळतं, पण त्यांच्याशी भांडू नका. त्यांच्या मनात कदाचित आईच असेल. डब्याशिवायचा तो शनिवार त्यांनाही जड जात असेल आणि बोलता येत नसेल. सणाचं म्हणाल, तर नाताळ हा शब्दच आपल्याकडे पोर्तुगिजांकडून येऊन मराठी झाला. वसईची ख्रिस्ती मंडळी घरात मराठीच्याच बोली बोलतात, आणि गोव्यात नाताळला होणाऱ्या नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच. पण हे सगळं बाजूला ठेवलं तरी तुमची मुलं इथे वाढली. शाळेच्या नाटकात कधी मेंढपाळ झाली असतील, तारा झाली असतील. त्यांच्या आठवणीत डिसेंबर म्हणजे हे दिवे आहेत, आणि त्या दिव्यांखाली आईबाबा होते.

मुलगी १७ ची म्हणजे ए-लेव्हलचं, आपल्या अकरावी-बारावीचं वय. थोड्याच काळात ती विद्यापीठात जाईल आणि डिसेंबराच्या मध्याला मळक्या कपड्यांची पिशवी घेऊन घरी येईल. पहिले तीन-चार दिवस ती झोपेल. त्या दिवसांत खरेदी ठेवू नका, तिला वरणभात द्या. मग तीच विचारेल, यंदा कधी जायचं. एखाद्या वर्षी विचारणार नाही. त्या वर्षी तुम्ही दोघंच जा, डबा घ्या, आणि फोटो मुलांना पाठवा. "तुमची आठवण आली" असं खाली लिहू नका, नुसता फोटो.

साताऱ्याच्या घरात ते जुने डबे अजून असणार. आजी असले डबे कधी टाकत नाहीत. एकात भाजणी असेल, एकात सुईदोरे, एकात नातवंडांची पत्रं. नणंदेला, किंवा घराकडे कोण बघतं त्यांना फोन करा आणि सगळे डबे ओट्यावर एका रांगेत मांडून फोटो काढून पाठवायला सांगा. रविवारी जेवताना तो मुलांना दाखवा आणि विचारा, यंदाचा डबा कुणासाठी? मुलगा "माहीत नाही" म्हणेल. त्याला चार दिवस द्या.