वाचकांचे प्रश्न: लॉयलिस्ट पूर्वज शोधताय? आधी लेकीचा अर्ज बघा

मागच्या अंकात कॅनडातल्या जुन्या घराण्यांच्या वंशावळीबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेक तिकडे राहणाऱ्या वाचकांची, कुणाची सून तिथली, कुणाचा जावई, कुणाची मैत्रीण. सगळ्यांना जागा देता येणार नाही, पाच घेतलीत. पहिल्यावर जरा जास्त रेंगाळले आहे कारण बाकीच्यांची अर्धी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही ओंटारिओत मुलाकडे राहतो, सून इथलीच आहे. तिच्या माहेरचे सांगतात की आम्ही लॉयलिस्ट, म्हणजे अमेरिकेत क्रांती झाली तेव्हा राजाच्या बाजूने राहिले आणि मग इकडे आले ते. तिच्या आजीच्या जुन्या बायबलमध्ये शेवटच्या पानावर जन्म-मृत्यू लिहिलेत, त्यात सगळ्यात वर एका बाईचं नाव आहे, नवऱ्याच्या आडनावासकट, आणि पुढे "जन्म १७९१, फोर्थ टाउन, बे ऑफ क्विंटे". असं गाव नकाशात सापडत नाही. तिच्या वडिलांचं नाव कुठेच नाही. नातू अकरा वर्षांचा आहे, तो रोज म्हणतो आजी शोधू या ना. मी कुठून सुरू करू?

उत्तर: काकू, पत्र वाचून इतका आनंद झाला की उत्तर त्याच रात्री लिहायला घेतलं. फोर्थ टाउन म्हणजे आजचं अ‍ॅडॉल्फसटाउन. १७८३ ला पॅरिसचा तह झाला, अमेरिका वेगळी झाली आणि राजाच्या बाजूच्या लोकांची घरं-जमिनी जप्त झालेल्या, परतायला जागा नाही, मग क्वेबेकचा गव्हर्नर हाल्डिमंड याने त्यांना सेंट लॉरेन्स नदीच्या आणि क्विंटेच्या खाडीच्या काठाने जमिनी मोजून दिल्या. मोजणी इतकी घाईची की गावांना नावंच नव्हती, नुसते आकडे. कॅटारॅक्वीच्या बाजूला पहिलं टाउन म्हणजे किंग्स्टन, दुसरं अर्नेस्टटाउन, तिसरं फ्रेडरिक्सबर्ग, चौथं अ‍ॅडॉल्फसटाउन, पाचवं मेरीजबर्ग. नावं नंतर आली पण लोकांच्या तोंडात कितीतरी वर्षं आकडेच राहिले, म्हणून बायबलात तसं लिहिलंय. आणि चौथ्या टाउनमधली पुष्कळ माणसं व्हॅन अल्स्टाइन यांच्या तुकडीतली, १७८३ मध्ये न्यूयॉर्कहून जहाजाने निघाली, हिवाळा क्वेबेकमधल्या सोरेलला काढला आणि १७८४ च्या जूनमध्ये इथे उतरली. म्हणजे या बाईचे आईवडील त्यातले असायची शक्यता चांगली आहे, पण शक्यताच हं, अजून पुरावा नाही.

एक गोष्ट नातवालाही सांगा, ती जमीन मोकळी पडलेली नव्हती, मिसिसागा या तिथल्या मूळ रहिवाशांची होती, १७८३ च्या ऑक्टोबरमध्ये क्रॉफर्ड खरेदी म्हणतात त्या व्यवहारात ती घेतली गेली आणि मग ही गावं बसली. घराण्याचा इतिहास लिहायचा तर हे पहिल्या पानावर यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता सुरुवात. सुरुवात नातवापासून करायची, १७९१ पासून नाही. नातू, त्याची आई, तिची आई किंवा वडील, असं एकेक पायरी मागे जायचं आणि प्रत्येक पायरीला "हा याचा मुलगा" किंवा "ही याची मुलगी" असं सांगणारा एक कागद हातात घ्यायचा. ओंटारिओत जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८६९ पासून आहे आणि तिथवर काम सोपं जातं, फॅमिलीसर्च या साइटवर फुकट खातं काढून घरबसल्या बघता येतं. लग्नाची नोंद सगळ्यात उपयोगाची, कारण त्यात नवरानवरी दोघांच्याही आईवडिलांची नावं असतात. १८५८ ते १८६९ च्या काउंटीच्या लग्न-रजिस्टरमध्येही असतात. त्याच्या आधीच्या जिल्हा रजिस्टरमध्ये मात्र नसतात. जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचं नाव १८५१ पासून मिळतं (ती प्रत्यक्षात झाली १८५२ च्या जानेवारीत, आणि काही भागांची पानं हरवलीत), १८४२ च्या गणनेत फक्त घरच्या कर्त्याचं नाव. त्यामुळे १८५० च्या मागे गेलं की एकदम अंधार होतो आणि इथेच बहुतेक लोक सोडून देतात.

आणि इथेच तुमच्या बायबलातली ती बाई कामाला येते काकू, कारण ती मुलगी आहे. ९ नोव्हेंबर १७८९ ला तेव्हाचा गव्हर्नर लॉर्ड डॉर्चेस्टर याच्या कौन्सिलने ठराव केला की जे लोक साम्राज्याच्या एकीसाठी उभे राहिले त्यांची वेगळी यादी ठेवायची आणि त्यांच्या मुलांना आणि मुलींनाही प्रत्येकी २०० एकर जमीन द्यायची. मुलाला २१ वर्षं पूर्ण झाल्यावर, मुलीला २१ झाल्यावर किंवा लग्न झाल्यावर, जे आधी होईल ते. आता जमीन हवी तर अर्ज करायला हवा, आणि अर्जात सिद्ध करायला हवं की मी अमक्याची मुलगी. म्हणून मुलीच्या अर्जात काय असतं बघा: तिचं नाव, नवऱ्याचं नाव, ते राहतात ते गाव, आणि वडिलांचं नाव व गाव, शिवाय वडील यादीत आहेत असा शेरा. एकाच कागदात माहेर आणि सासर दोन्ही! त्या काळात चर्चची रजिस्टरं तुटक, थडग्यावर नुसतं "अमक्याची पत्नी", पण हा अर्ज ती स्वतःच्या हक्कासाठी करते म्हणून बापाचं नाव टिकलं. मी जितक्यांदा असा अर्ज उघडते तितक्यांदा अंगावर काटा येतो, खाली पुष्कळदा सहीच्या जागी नुसती फुली असते, तिने स्वतः केलेली.

हे अर्ज अप्पर कॅनडा (आजच्या ओंटारिओचं जुनं नाव) लँड पिटिशन्स या नावाने लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडामध्ये आहेत, नावांची सूची त्यांच्या साइटवर आहे आणि जुन्या मायक्रोफिल्मची पानंही ऑनलाइन बघता येतात. लोक कुठे चुकतात सांगते. सूची अर्ज करणाऱ्याच्या नावाने आहे. लग्न झालेली मुलगी सापडेल ती नवऱ्याच्या आडनावाखाली, बापाच्या आडनावाखाली नाही. बापाचं आडनाव टाकून शोधलं की फक्त मुलगे मिळतात आणि मग सगळे म्हणतात त्याला मुली नव्हत्याच! तुमच्याकडे उलट आहे, नवऱ्याचं आडनाव आहे, म्हणजे किल्ली तुमच्या हातात आहे. ती १७९१ ची, म्हणजे १८१२ ला २१ वर्षांची झाली, लग्न आधी झालं असेल तर थोडं आधीचंही बघा, आणि खूप जणींनी बऱ्याच वर्षांनी अर्ज केलेत म्हणून पुढची वीस वर्षंही सोडू नका. आडनावाची चारपाच स्पेलिंग करून बघा. अशा अर्जांवर कौन्सिलने दिलेल्या हुकुमांवरून मुलामुलींना वडिलांच्या नावाखाली लावून दिलेली छापील यादीही आहे, ओंटारिओतल्या वंशावळीचा विभाग असलेल्या लायब्ररीत विचारा, ती मिळाली तर बहिणी-भाऊही एका फटक्यात कळतात.

बाप्तिस्म्याचंही बघून ठेवा. त्या भागात रेव्हरंड लँगहॉर्न १७८७ ला आले, अँग्लिकन, आणि नंतर प्रेस्बिटेरियन मॅकडॉवल, दोघांची रजिस्टरं छापलेली आहेत. बाईंचा बाप्तिस्मा तिथे मिळाला तर आईचंही नाव मिळेल. नाही मिळाला तर निराश होऊ नका, मेथडिस्ट आणि क्वेकर घरंही तिथे होती.

प्रश्न: आमच्या जावयाचं आडनाव लॉयलिस्टांच्या जुन्या यादीत जसंच्या तसं आहे आणि एका वेबसाइटवर कुणीतरी पूर्ण झाडही बनवून ठेवलंय थेट त्या माणसापर्यंत. एवढं पुरेसं आहे का?

उत्तर: नाही हो. आडनाव म्हणजे नातं नाही. शेजारच्या एका आजोबांसाठी मी दीड वर्ष एका माणसामागे होते, नायगाऱ्याचा, बटलर्स रेंजर्स या राजाच्या बाजूच्या पलटणीतला, नाव-आडनाव अगदी तंतोतंत. मग कळलं की त्याच नावाचा दुसरा एक होता, किंग्ज रॉयल रेजिमेंट ऑफ न्यूयॉर्कच्या पहिल्या बटालियनमधला, त्याला जमीन मिळाली कॉर्नवॉलच्या बाजूला, आणि आजोबांचे पूर्वज तो. आजोबा हयात होते तोवर बरोबर माणूस त्यांना सांगता आला याचं मला फार समाधान आहे. दोघांना वेगळं करायचं ते जमिनीवरून. कुठलं गाव, कितवं कन्सेशन (म्हणजे जमिनींची रांग), कितवा लॉट (त्या रांगेतला तुकडा). मॅकनिफचा १७८६ चा नकाशा आहे त्यात लॉटवर चक्क माणसांची नावं लिहिलीत. मग पुढे तो लॉट कुणाकडे गेला हे जमीन-नोंदणीच्या जुन्या वह्यांत, त्या ऑनलँड या ओंटारिओच्या साइटवर आहेत. बाप मुलाला जमीन देतो तेव्हा खतात "माझा मुलगा" लिहितो, तो तुमचा पुरावा. ऑनलाइन झाड खाली कागद जोडलेला असेल तेवढंच खरं धरा.

आणि आडनावं बदलतात हेही लक्षात असू द्या. न्यूयॉर्कच्या मोहॉक आणि स्कोहॅरी खोऱ्यातले पुष्कळ लॉयलिस्ट मुळात जर्मन होते, त्यांचे पूर्वज १७१० च्या सुमाराला जर्मनीतल्या पॅलेटिनेटहून आलेले. श्नायडरचा स्नायडर होतो, म्युलरचा मिलर, त्सिमरमान कधी कधी सरळ कार्पेंटर होऊन बसतो. त्यांच्या जुन्या लुथरन आणि डच रिफॉर्म्ड चर्चच्या रजिस्टरात बाप्तिस्म्याला आईचं माहेरचं आडनाव आणि साक्षीदार लिहितात, साक्षीदार बहुतेक मामा-मावशी-काका, त्यामुळे तिथवर पोचलात तर खूप मोठं दार उघडतं.

प्रश्न: मिस्टरांचे पूर्वज पेनसिल्व्हेनियाहून १७९६ ला आले, त्यांनाही २०० एकर मिळाले. म्हणजे लॉयलिस्टच ना?

उत्तर: बहुधा नाही. १७९१ मध्ये अप्पर कॅनडा वेगळा झाला, आणि फेब्रुवारी १७९२ मध्ये तिथले लेफ्टनंट गव्हर्नर सिमको यांनी जाहीरनामा काढला की शपथ घ्या, जमीन कसा, २०० एकर घ्या. अमेरिकेतून हजारो कुटुंबं त्यावर आली, त्यांना लोक "लेट लॉयलिस्ट" म्हणतात, पण यादीतले लॉयलिस्ट ते नव्हेत. युद्धाच्या काळात माणूस कुठे होता आणि कुणाच्या बाजूने उभा होता हे बघायचं. पेनसिल्व्हेनियाचे म्हणताय तर मेनोनाइट किंवा क्वेकर होते का तपासा, त्यांच्या सभांच्या नोंदी फार नीटनेटक्या असतात, क्वेकर तर एका सभेतून दुसरीकडे जाताना दाखला घेऊन जायचे, तो मिळाला तर कुठून निघाले ते गावासकट कळतं. लॉयलिस्ट नाही निघाले म्हणून वाईट वाटून घेऊ नका, जंगल तोडून घर त्यांनीही उभं केलंय.

प्रश्न: माझी मैत्रीण नोव्हा स्कोशियाची, कृष्णवर्णीय. तिच्या घरात सांगतात की आमचे लोक बर्चटाउनचे, म्हणजे कृष्णवर्णीय लॉयलिस्टांच्या तिथल्या जुन्या वस्तीतले. तिला काही मिळेल का, की त्यांच्या नोंदीच नाहीत?

उत्तर: मिळेल, आणि काही बाबतीत गोऱ्या शिपायांपेक्षा जास्त मिळेल. ब्रिटिशांनी मालकांना सोडून आलेल्या गुलामांना स्वातंत्र्याचं वचन दिलं होतं. १७८३ ला न्यूयॉर्क सोडताना वॉशिंग्टनचा आग्रह होता की ही माणसं परत द्या, ब्रिटिश सेनापती कार्लटनने नकार दिला पण कोण गेलं याची वही ठेवली. त्या वहीचं नाव त्या काळच्या भाषेत, "बुक ऑफ निग्रोज". जवळजवळ ३००० जणांची नावं, वय, वर्णन, आधीचा मालक कोण, कुठून आले, कुठल्या जहाजाने कुठे निघाले. वर्णनं वाचताना जीव तुटतो, माणसाला माल म्हणून बघितलेलं दिसतं, पण तीच ओळ आज नातवंडांना पूर्वजांच्या गावापर्यंत नेते. मग १७८४ ची बर्चटाउनची हजेरी-यादी बघा, त्यात कुटुंबं आहेत. आणि १७९२ च्या जानेवारीत १५ जहाजांतून जवळजवळ १२०० जण हॅलिफॅक्सहून सिएरा लिओनला गेले, तिथे फ्रीटाउन वसवलं, म्हणजे एखादं नाव एकदम गायब झालं तर मेलं असं धरू नका.

एक सावधगिरी. सगळे स्वतंत्र नव्हते. गोऱ्या लॉयलिस्टांनी स्वतःचे गुलामही आणले आणि याद्यांत त्यांना "सर्व्हंट" लिहिलंय, पुष्कळदा नावाशिवाय. अशा वेळी मालकाचं मृत्युपत्र आणि चर्चचा बाप्तिस्मा शोधायचा. नोव्हा स्कोशिया आर्काइव्ह्जमध्ये या समाजाच्या नोंदींचा वेगळा संग्रह आहे, तिथून सुरू करा म्हणावं.

प्रश्न: डीएनए टेस्टने लॉयलिस्ट सिद्ध होतं का? आणि लॉयलिस्टांचे वंशज असल्याचं ते सर्टिफिकेट कसं मिळतं?

उत्तर: डीएनएवर लॉयलिस्ट असा शिक्का नसतो. सात पिढ्या मागे १२८ पूर्वज, एकेकाचा वाटा सरासरी एक टक्क्याहून कमी. पण दोन घरांचे कागद एकाच जोडप्याकडे जातात असं वाटत असेल तर जुळणी आधाराला येते, त्यासाठी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाची टेस्ट करा, मुलांची नको.

सर्टिफिकेट युनायटेड एम्पायर लॉयलिस्ट्स असोसिएशन ऑफ कॅनडा देते, १९१४ पासूनची संस्था आहे. त्यांच्या शाखेचं सभासद व्हायचं, शाखेतला वंशावळ-तज्ज्ञ कागद तपासतो. दोन गोष्टी दाखवायच्या, पूर्वज खरंच लॉयलिस्ट होता, आणि तुमच्यापासून त्याच्यापर्यंत प्रत्येक पिढीचा पुरावा. वंश बापाकडून असो की आईकडून, मधे कितीही लेकी आल्या तरी चालतं. मिळाल्यावर नावापुढे यू.ई. लावता येतं. पूर्वजांनी नुकसानभरपाई मागितली असेल तर ते दावेही जोडा, तीन हजारांवर दावे झाले होते, मूळ कागद लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत, त्यात किती गाई, किती एकर गहू, घरात काय काय होतं सगळं शपथेवर लिहिलंय.

पहिल्या पत्राच्या काकूंना परत एकदा: बायबलच्या त्या पानाचा फोटो काढाच, पण सुरुवातीचं पान, जिथे बायबल छापल्याचं साल असतं, त्याचाही काढा. छपाई १८५० ची असेल तर १७९१ ची नोंद मागाहून आठवणीने लिहिलेली, आणि तपासणारा हे सगळ्यात आधी विचारतो. बाईंचा अर्ज सापडला की मला जरूर कळवा, नातवाच्या हातचं पत्र आलं तर जास्त आवडेल.